गगनभरारी आणि सेवाशर्ती

दर वर्षी ८ मार्चच्या पुरवण्यांत एक तरी वैमानिक असते. फोटो कॉकपिटमधला किंवा विमानाच्या शिडीवरचा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आणि वर मथळा : गगनभरारी. कधी त्याला ‘उत्तुंग’ जोडतात, कधी आकाशाला गवसणी घालतात, कधी पंखांना बळ देतात. मजकुराचा सांगाडाही ठरलेला. लहानपणी गच्चीवरून विमान पाहिले, वडील पाठीशी उभे राहिले, नातेवाइकांनी नाके मुरडली, तिने जिद्द सोडली नाही. शेवटी एक वाक्य हमखास येते : एवढी मोठी झाली तरी घरी आल्यावर स्वयंपाक तीच करते. या वाक्याशिवाय लेख पुरा झाला असे लिहिणाऱ्याला वाटतच नसावे.

असल्या पुरवणी-लेखांची समीक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की मराठी वाचकाला विमानातली बाई भेटते ती मुख्यतः याच जागी. कादंबरीत ती क्वचित, कवितेत जवळपास नाहीच. तेव्हा तिच्याविषयी काय विचारायचे आणि काय नाही, हे या सांगाड्यानेच ठरवून टाकले आहे. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे बसून असे लेख मी बरेच वाचले. एकातही पगार किती, ज्येष्ठतायादीत क्रमांक कितवा, कमांड मिळायला किती वर्षे लागली, बाळंतपणानंतर पुन्हा उड्डाणावर केव्हा रुजू झाली, निवृत्तीचे वय काय, यांपैकी एक ओळ सापडली नाही.

हे प्रश्न मला सुचतात याला माझा पत्ता कारण आहे. मुंबईत भोईवाडे दोन : एक भुलेश्वरचा, दुसरा परळचा. मी परळच्या भोईवाड्यातली. एकेकाळी पालखी-मेणे वाहणाऱ्यांची वस्ती म्हणून नाव पडले, पुढे चारी बाजूंनी गिरण्या आल्या आणि गिरणीचीच भाषा घराघरांत शिरली. पाळी, हजेरी, बदली, कायम, ग्रॅच्युइटी हे शब्द आम्ही बाराखडीबरोबर शिकलो. माझी आत्या वाइंडिंग खात्यात होती. तिच्यावर कोणी ‘सूतभरारी’ असा मथळा दिला नाही. ती नोकरी करते, हे सगळ्यांना ठाऊक होते. विमानात काम करणाऱ्या बाईचीही ती नोकरीच आहे, आणि आपल्या लिखाणातून ती नोकरी गळून पडते, एवढाच माझा मुद्दा आहे.

शब्दापासून सुरुवात करू. ‘हवाईसुंदरी’ हा समास ऐकायला देखणा आहे, अडचण तीच. परिचारिका, शिक्षिका, टंकलेखिका या शब्दांतून ती बाई काय करते ते कळते. हवाईसुंदरीतून ती कशी दिसते एवढेच कळते. इंग्रजीतली होस्टेस निदान पाहुण्यांचे स्वागत तरी करते. आमच्या सुंदरीला तेवढेही काम नाही. आणि तिच्याच शेजारी, त्याच ट्रॉलीचे दुसरे टोक धरून उभा असलेला जो पुरुष, त्याला कोणी ‘हवाईसुंदर’ म्हटले नाही. त्याला आपण पर्सर म्हटले, स्टुअर्ड म्हटले, म्हणजे हुद्दा दिला.

प्रत्यक्षात त्या कामाचा गाभा चहाचा ट्रे हा नव्हेच. प्रवासी विमानाला प्रमाणपत्र मिळवताना एक कसोटी असते : निम्मी दारे बंद आहेत असे धरून पूर्ण भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे. ते रिकामे करणारी माणसे म्हणजे केबिनमधले कर्मचारी. दार कोणते उघडायचे, बाहेर आग असेल तर कोणते उघडायचे नाही, घसरगुंडी फुगली नाही तर काय करायचे, धूर, प्राणवायू, हृदयविकाराचा झटका, प्रसूती, दारू पिऊन अंगावर येणारा प्रवासी, या सगळ्याचे प्रशिक्षण आणि ठरावीक मुदतीने परीक्षा. शंभर उड्डाणांत यातले काही घडत नाही, म्हणून आपल्याला ट्रे तेवढा दिसतो. ‘सुंदरी’ या शब्दाने न दिसणाऱ्या भागावर पडदा टाकला, तो आजवर उचललेला नाही.

शब्दाशब्दांतल्या या फरकावर एवढी शाई कशाला, असे वाटत असेल तर एक निकालपत्र वाचावे. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा, सर्वोच्च न्यायालय, २८ ऑगस्ट १९८१. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत वाचनीय मजकूर आहे, आणि तो कायद्याच्या विद्यार्थ्यांवर सोडून देणे ही आपली चूक आहे.

पार्श्वभूमी अशी. तेव्हाच्या एअर इंडियात केबिनमधले काम करणारे दोन संवर्ग होते. पुरुष ते असिस्टंट फ्लाइट पर्सर, स्त्रिया त्या एअर होस्टेस. विमान तेच, प्रवासी तेच, पुष्कळसे कामही तेच. पर्सर ५८व्या वर्षी निवृत्त होई. एअर होस्टेसची नोकरी तिने वयाची ३५ वर्षे पूर्ण केली की संपे. किंवा सेवेच्या पहिल्या चार वर्षांत तिने लग्न केले तर तेव्हा. किंवा ती पहिल्यांदा गरोदर राहिली की तेव्हा. यांतले जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळू शके, पण ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर, वर्षा-वर्षाने, फार तर ४५पर्यंत.

न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या या निकालात तीन वेगवेगळे आवाज ऐकू येतात. समानतेच्या मुद्द्यावर बोलतो तो हिशेबनीस. भरतीची पद्धत वेगळी, पात्रता वेगळी, वेतनश्रेणी वेगळी, बढतीच्या वाटा वेगळ्या, म्हणून हे दोन वर्गच वेगळे. आणि वर्ग वेगळे असल्याने वेगळी वागणूक हा भेदभाव ठरत नाही. या युक्तिवादाची रचना नीट पाहावी. आधी एका कामाला दोन नावे द्यायची, त्या नावांखाली दोन नियमावल्या लिहायच्या, आणि मग नियमावल्या दोन आहेत म्हणजे माणसे दोन जातींची आहेत असे सिद्ध करायचे. एअर होस्टेस या नावाने तिथे प्रत्यक्ष माणसाच्या आयुष्यातली २३ वर्षे खाल्ली.

दुसरा आवाज लग्नाच्या मुद्द्यावर येतो, आणि तो घरातल्या एखाद्या काकांचा आहे. चार वर्षे लग्न करू नये ही अट न्यायालयाने योग्य ठरवली. का, तर एवढ्या काळात मुलगी पोक्त होते, तिची प्रकृती चांगली राहते, लग्न यशस्वी होण्याचा संभव वाढतो, कुटुंबनियोजनालाही मदत होते. शिवाय प्रशिक्षणावर झालेला कंपनीचा खर्च वाया जात नाही. मुलीचे हित आणि कंपनीचा खर्च एकाच परिच्छेदात इतके गुण्यागोविंदाने नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आणि तिसरा आवाज गरोदरपणाच्या अटीवर. इथे न्यायमूर्तींचा संताप खरा आहे. मूल होऊ घातले म्हणून नोकरी काढून घेणे हे क्रूर आहे, मनमानी आहे, स्त्रीत्वाचा अपमान आहे, असे ते खडसावून सांगतात आणि अट रद्द करतात. संचालकांच्या मर्जीची तरतूदही रद्द होते. वाचताना आपण खुर्चीत ताठ बसतो. तेवढ्यात काका परत येतात : पहिल्याऐवजी तिसऱ्या गरोदरपणी सेवा संपवण्याचा नियम असता तर तो लोकसंख्येच्या दृष्टीने समर्थनीय ठरला असता, असेही त्याच निकालात आहे.

हे सगळे वाचताना मला आत्याच्या खात्याची आठवण येणे साहजिक होते. बाळंतपणाच्या लाभाचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्याने १९२९ साली केला, तो कारखान्यांतल्या बायांसाठी. त्यानंतर गिरण्यांतल्या स्त्रियांची संख्या वाढायला हवी होती, झाले उलट. यंत्रे बदलली, रात्रपाळीला स्त्रियांना बंदी होती, आणि बाळंतपणाचा खर्च नको म्हणून बायांना घेणेच कमी होत गेले. उरल्या त्या वाइंडिंग-रीलिंगसारख्या ठरावीक खात्यांत, आणि त्यांच्यावर देखरेखीला नायकीण. म्हणजे तिथेही बायांचे खाते वेगळे, पगार वेगळा, वरची पायरी वेगळी. एअर इंडियाचा खटला आणि गिरणीचा हजेरीपट समोरासमोर ठेवले तर आकाश आणि जमीन यांतले अंतर फारसे उरत नाही. हा निकाल लागला आणि पाच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी संप सुरू झाला. आमच्या भागात त्या दिवसांत एअर होस्टेसच्या निकालाची चर्चा कोणी केली असेल असे मला वाटत नाही. पण ती व्हायला हवी होती अशा जोडीच्या या दोन गोष्टी आहेत.

जाता जाता एक. मराठी मनातले पहिले विमान तुकोबांचे. त्या कथेत जिजाई मागे राहते, कारण ती गरोदर आहे, पोरेबाळे आहेत, दारात म्हैस आहे. तुकोबांच्या पश्चात तिला नारायण होतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६मध्ये गिरगावात सेंट्रल सिनेमाला लागला आणि वर्षभराहून अधिक चालला. पडद्यावरचे ते वैकुंठगमन पाहताना किती बायांनी डोळे पुसले असतील! विमान वर जाते आणि गरोदर बाई खाली राहते, हे आपल्याला इतके सवयीचे आहे की एअर इंडियाच्या नियमाचे आश्चर्य वाटायला न्यायालयात जावे लागले.

त्याच १९३६ साली लाहोर फ्लाइंग क्लबात सरला ठकराल नावाची एकवीस-बावीस वर्षांची, एका मुलीची आई असलेली तरुणी जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवत होती, तेही साडी नेसून. ही गोष्ट आज सर्वांना माहीत आहे. ८ ऑगस्ट २०२१ला गूगलने तिचे चित्र आपल्या पानावर लावले आणि त्या दिवसापासून मराठीत ती ‘भारताची पहिली महिला वैमानिक’ म्हणून कायम झाली. पण परवान्याच्या हिशेबाने पाहिले तर तिच्या आधी ऊर्मिला पारीख आहेत. त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला १९३२ साली, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले ते वर्ष.

मग ऊर्मिला पारीख विसरल्या का गेल्या? माझा तर्क असा की ठकराल यांच्या गोष्टीत साडी आहे आणि पारीख यांच्या गोष्टीत नुसता परवाना. आपल्या ‘पहिली’ची निवड कागद पाहून होत नाही, फोटो पाहून होते. खुद्द ठकराल यांच्या बाबतीतही हेच झाले. त्यांचे पुढचे आयुष्य अधिक वाचण्यासारखे आहे : वैमानिक असलेले पती १९३९च्या अपघातात गेले, व्यावसायिक परवान्यासाठी त्या जोधपूरला शिकायला गेल्या, महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण बंद पडले, आणि परवाना राहिला. लाहोरला परतून त्या चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर दिल्लीत कपडे आणि दागिन्यांच्या नक्षीकामाचा व्यवसाय उभा केला, २००८ साली वारल्या. म्हणजे विमान उडवून पोट भरण्याची संधी त्यांना कधी मिळालीच नाही. साडीतल्या त्या फोटोखाली हे लिहायचे राहून जाते.

ती संधी मिळाली प्रेम माथुर यांना. आठ कंपन्यांनी नाकारल्यावर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. मुलाखतीत रात्रीचे विमान चालवाल का, असे विचारले गेल्याचे सांगतात. हा प्रश्न वाचून मी हसले, कारण त्याच सुमारास, १९४८च्या कारखाना कायद्यात, संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बाईने कारखान्यात काम करू नये असे कलम लिहिले जात होते. १९४९ची राष्ट्रीय हवाई शर्यत माथुर यांनी जिंकली. कमांड मात्र त्या कंपनीने दिली नाही. बाई विमान चालवते हे कळले तर प्रवासी बिथरतील, असे कारण सांगितले गेले म्हणतात. जगाशी तुलना केली तर हे धाडस लहान नव्हते. अमेरिकेत हेलन रिची १९३४ साली एका विमानकंपनीत लागली, पण वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतले नाही आणि वर्षाच्या आत तिने नोकरी सोडली. त्यानंतर तिथल्या मोठ्या प्रवासी कंपनीत बाई यायला १९७३ उजाडले. आपण पुढे होतो. पुढे असूनही दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक म्हणून अर्ज घेऊन गेल्या तेव्हा त्यांना आधी एअर होस्टेसची जागा सुचवली गेली, असे सांगितले जाते. साठचे दशक होते ते. त्यांनी ती नाकारली आणि १९६६पासून त्या वैमानिकाच्याच खुर्चीत बसल्या.

सौदामिनी देशमुख यांच्यापाशी मात्र थांबायला हवे. मथळा लिहिणाऱ्याला आयतेच सापडावे असे नाव. सौदामिनी म्हणजे वीज. त्यांच्याविषयीच्या प्रत्येक टिपणात एक तारीख असते : नोव्हेंबर १९८५, कोलकाता ते सिलचर, फोकर फ्रेंडशिप विमान, कमांडर देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन, केबिनमध्येही स्त्रियाच. सर्व-महिला उड्डाण. ते महत्त्वाचे होतेच. पण मला या कारकिर्दीतला दुसरा एक आकडा अधिक बोलका वाटतो. त्या इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या १९८० साली. बोइंग ७३७ची कमांड मिळाली १९८८ साली, देशात कोणत्याही बाईला मिळालेली पहिली. एअरबस ३२०ची कमांड १९९४. म्हणजे नोकरी लागल्यापासून जेट विमानाच्या डाव्या खुर्चीत बसेपर्यंत आठ वर्षे.

त्या आठ वर्षांत काय होते? सहवैमानिक म्हणून तासांची भर. एका जातीच्या विमानावरून दुसऱ्या जातीच्या विमानावर जायचे तर पुन्हा वर्ग, पुन्हा परीक्षा. दर सहा महिन्यांनी कौशल्याची तपासणी : इंजिन बंद पडले असे समजून विमान उतरवून दाखवायचे, आणि शेजारी बसलेला परीक्षक गुण लिहितो. ठरावीक मुदतीने वैद्यकीय चाचणी, जिच्यात नापास झाले की परवाना खिशात असून निरुपयोगी. ज्येष्ठतायादीत आपल्या वर कोण आहे याची वाट. ही वाट पुरुषांनाही पाहावी लागते. पण यादीत एकटीच बाई असणे म्हणजे काय, प्रत्येक तपासणीत आपल्याबरोबर सबंध जातीची परीक्षा घेतली जाते असे वाटते का, पहाटे चारच्या ड्युटीला घरातून कोण निघू देते, हे विचारायला हवे होते. पुरवणी-लेखाला १९८५ पुरते. मला १९८१, १९८२, १९८३ हवीत.

‘पहिली’ या शब्दाचा आणखी एक दोष आहे. त्याला दुसरी खपत नाही. याचे ठळक उदाहरण ‘गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल’ हा २०२०चा हिंदी चित्रपट. शरण शर्मा यांचे दिग्दर्शन नेटके आहे, पंकज त्रिपाठींनी केलेला बाप मनात राहतो. तरी कथा उभी आहे ती एका खोटावर : हवाई तळावर ही एकटीच बाई. वास्तवात उधमपूरच्या तळावर तिच्याबरोबर श्रीविद्या राजन होत्या, कारगिलच्या काळात त्यांनीही चीता हेलिकॉप्टर चालवले, आणि चित्रपट आल्यावर त्यांनी स्वतः जाहीरपणे हे सांगितले. हवाई दलानेही आपली प्रतिमा विनाकारण मलिन केल्याची तक्रार सेन्सॉर मंडळाकडे केली. ती चर्चा गाजली. राजन यांची तक्रार मला जास्त गंभीर वाटते. दोन बायकांचे काम एकीच्या नावावर चढवले की ती असामान्य होते, आणि असामान्य झाली की तिच्यासाठी नियम बदलायची गरज राहत नाही.

नियम कोणते, तेही चित्रपट सांगत नाही. शेवट सलामीवर होतो. प्रत्यक्षात सक्सेना यांची सेवा २००४ साली संपली, कारण हवाई दलात वैमानिक बायांना तेव्हा अल्पमुदतीचीच नेमणूक होती. कायम नेमणुकीचा हक्क मिळायला मार्च २०१०चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आमच्या भाषेत सांगायचे तर बदलीच्या कामगार होत्या त्या. युद्ध करून आल्या तरी बदलीच्याच.

‘नीरजा’ हा २०१६चा चित्रपट याहून बरा, कारण राम माधवानींना कामाची चाड आहे. पॅन ॲमचे विमान मुंबईहून निघून ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अडवले गेले, तेव्हा नीरजा भनोतने अपहरणाची सूचना दिली, कॉकपिटमधले वैमानिक छताच्या वाटेने बाहेर पडले, आणि विमानाची जबाबदारी केबिनवर आली. तिने पारपत्रे लपवायला लावली, दार उघडून माणसे बाहेर काढली. ती सीनियर पर्सर होती, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. मराठी वर्तमानपत्रांत आजही ती ‘शूर हवाईसुंदरी’ असते. पर्सर हा हुद्दा तिने नोकरीत मिळवला होता, तेवढा तरी मरणानंतर ठेवायला हरकत नव्हती.

आणि गमतीची गोष्ट म्हणजे ज्या चित्रपटाला समीक्षकांनी हलकाफुलका म्हणून बाजूला ठेवले, त्या २०२४च्या ‘क्रू’मध्ये पगाराचा विषय निघतो. कंपनी बुडते आहे, महिनोन्‌महिने पगार नाही, भविष्यनिर्वाह निधीचा पत्ता नाही, आणि तब्बू, करीना कपूर, कृती सनॉन यांची पात्रे सोन्याच्या चोरट्या वाहतुकीत शिरतात. दुसरा अर्धा भाग पोरकट आहे. पण पहिल्या अर्ध्यात गणवेशातली बाई हिशेब करत बसलेली दिसते. किंगफिशर आणि जेट एअरवेज बंद पडताना ज्यांनी पाहिले त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. माझ्या पिढीला तर संपानंतरचे गिरणगाव आठवेल.

नर्गेश मिर्झा खटल्याची गोष्ट १९८१ला संपली नाही. वय वाढवून घेण्यासाठी केबिनमधल्या स्त्रिया पुन्हा न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयात जिंकल्या, आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयात हरल्या. पुरुषाने ५८पर्यंत उडावे आणि बाईने ५०ला जमिनीवर यावे, यात भेदभाव नाही असे ठरले. पुढे सरकारच्या निर्देशाने ते वय सारखे झाले. २००५च्या अखेरीस इनफ्लाइट सुपरवायझरचे पद बायांना खुले केले गेले, तेव्हा पुरुष कर्मचाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. म्हणजे एका विमानात एकाच ट्रॉलीच्या दोन टोकांना समान मानायला नर्गेश मिर्झा निकालानंतर तीस वर्षे लागली. या तीस वर्षांवर एक चांगले मराठी पुस्तक होईल. त्यात वकील, संघटना, नियमपुस्तिका, संपाच्या नोटिसा, वजनाचे काटे, पाळणाघरे असे सगळे येईल.

आजचे चित्र आकड्यांत उजळ आहे. भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत असे सरकार सांगते. जगाची सरासरी पाचाच्या आसपास. अभिमान वाटावा असाच आकडा. फक्त तो कोणत्या घरांतून येतो हेही विचारावे. व्यावसायिक परवान्याला किमान २०० तास उड्डाण लागते. बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी महाराष्ट्रातच ते शिकवतात. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहून वर. आमच्या शेजारी नायगावला बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या. त्या खोलीतली मुलगी विमानात शिरते ती बहुधा दुसऱ्या दाराने. दादर-अंधेरीच्या क्लासांच्या पाट्या तिच्यासाठी आहेत : वय १८ ते २७, उंची १५५ सेंटिमीटर, गोंदण नको, इंग्रजी अस्खलित.

आमच्या इमारतीतली एक मुलगी मागच्या वर्षी अशी लागली. नेमणूकपत्र वाचून द्या म्हणून तिने माझ्याकडे आणले, कारण त्यातले इंग्रजी कायद्याचे होते. त्या कागदात ‘सुंदरी’ कुठे नव्हती, ‘होस्टेस’ही नव्हती, केबिन क्रू असा साधा शब्द. ठरावीक वर्षांची मुदत, आधी सोडल्यास भरायची रक्कम, मूळ पगार लहान आणि उड्डाणाच्या तासांवरचा भत्ता मोठा, म्हणजे जमिनीवर राहिलेला महिना उपासाचा. बाळंतपणाची रजा २६ आठवडे, २०१७च्या दुरुस्तीप्रमाणे. त्या काळात तासांचा भत्ता मिळेल की नाही याविषयी कलम गप्प. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि हे विचारून घे म्हटले. तिची आई दारातून म्हणाली, अहो, ती हवाईसुंदरी झाली, आता कसले विचारायचे. मुलीने मात्र रेघ मारलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि त्याच बॅचमधल्या दुसऱ्या दोघींना पाठवला.